लकवा मारला तर : नागपुरात नव्याने राहायला आलेल्यांनी आधीच ठरवून ठेवायच्या गोष्टी

माझ्या बाबांची उजव्या पायातली चप्पल फाटकाजवळच राहिली होती आणि ते घरात येऊन खुर्चीत बसले तरी त्यांना ते कळलं नव्हतं. मे महिना होता, दुपारचे चार वाजले होते, पारा ४५च्या घरात. आईने विचारलं तर म्हणाले, "गरगरून राहिलं थोडं." शब्द जरा जड येत होते. घरातल्या सगळ्यांनी एकमताने निदान करून टाकलं : ऊन लागलं. कूलरसमोर निजवलं, डोक्यावर ओला दुपट्टा ठेवला, कैरीचं पन्हं पाजलं. पन्हं ओठांच्या उजव्या कोपऱ्यातून हनुवटीवर ओघळलं आणि त्यांना जोराचा ठसका लागला. तेही आम्ही उन्हाच्याच नावावर टाकलं.

साडेपाचला घराजवळच्या एका छोट्या दवाखान्यात नेलं. सलाईन लागलं. "रात्रभर ठेवू, सकाळी पाहू," असं सांगितलं गेलं आणि आम्हाला हायसं वाटलं. तिथे सीटी स्कॅनचं यंत्र नव्हतं. आहे का, हे आम्ही विचारलंही नाही. रात्री सव्वानऊला मोठ्या रुग्णालयात पोहोचलो, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी पहिलं हेच विचारलं, "हे शेवटचे धडधाकट कधी होते?" आई म्हणाली, "चार वाजता असे आले." डॉक्टरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनची वेळ साडेआठलाच टळून गेली होती.

रस्त्यात आमची फार तर पंचवीस मिनिटं गेली असतील. बाकीचा सगळा वेळ घरात आणि चुकीच्या दारात गेला. नोकरीसाठी मिहानला, बुटीबोरीला, हिंगण्याच्या एमआयडीसीत नव्याने आलेल्या आणि गावाकडून आईवडलांना आणून बेसा, मनीषनगर, वाडीकडे भाड्याने राहणाऱ्या माणसांसाठी मी हे लिहितो आहे. ज्यांना हे शहर ठाऊक नाही, त्यांचा वेळ आमच्यापेक्षा लवकर हातातून जाईल.

आधी आजार समजून घ्या

लकवा, पक्षाघात, अर्धांगवायू, ब्रेन स्ट्रोक ही एकाच गोष्टीची नावं. खेड्यात अजूनही "अंगावरून वारं गेलं" म्हणतात. त्यात वाऱ्याचा काही संबंध नसतो. मेंदूला रक्त नेणारी नळी गुठळीने बंद होते किंवा फुटते. बंद होण्याचं प्रमाण फुटण्यापेक्षा बरंच जास्त. मोठी नळी बंद पडली तर मिनिटाला साधारण १९ लाख चेतापेशी मरतात, असा हिशेब २००६ मध्ये मांडला गेला. चहा उकळेपर्यंत थांबलं तरी काय जातं, ते यावरून कळेल.

हा आजार हृदयाचा नाही. आपल्याकडे "अटॅक आला" म्हटलं की छातीच डोळ्यासमोर येते. लकव्यात छाती दुखत नाही. बहुतेकदा काहीच दुखत नाही, आणि म्हणूनच पेशंट स्वतः "काही नाही, झोपतो थोडा" म्हणतो. त्याचं ऐकू नका. कित्येकदा आपली एक बाजू चालत नाही हेच त्याच्या मेंदूला कळत नसतं. बाबांना चप्पल कळली नव्हती, ती अशीच.

पहिली पायरी : हसवा, हात वर करायला लावा, बोलवा

यासाठी डॉक्टर असायला लागत नाही. दहावीतलं पोरगंही एका मिनिटात करू शकेल.

पेशंटसमोर बसा आणि दात दाखवून हसायला सांगा. तोंडाचा एक कोपरा वर जातो आणि दुसरा तसाच लोंबतो का, ते पाहा. मग दोन्ही हात समोर, तळवे वर करून, डोळे मिटून धरायला सांगा आणि मनात दहा मोजा. एक हात हळूहळू खाली येऊ लागला किंवा तळवा आत वळला, तर ती खूण. पाय उचलायला सांगूनही पाहता येतं. शेवटी एक साधं वाक्य म्हणायला लावा, "उद्या मारबत पाहायला जाऊ," असं काहीही. शब्द घसरतात का, भलतेच शब्द येतात का, की तुम्ही काय म्हणता तेच त्याला कळत नाही, हे पाहा.

या तिन्हीपैकी एक जरी गोष्ट अचानक बिघडलेली असेल तर निघायचं. तिन्ही बिघडायची वाट पाहायची नाही.

याखेरीज काही खुणा अशा असतात की त्या पित्तावर, मानेवर किंवा अशक्तपणावर ढकलल्या जातात. एकाएकी तोल जाणं, दारूड्यासारखी चाल होणं. एका डोळ्याने दिसेनासं होणं किंवा एकाची दोन माणसं दिसणं. आयुष्यात कधी दुखलं नाही इतकं डोकं क्षणात दुखू लागणं आणि सोबत उलटी. मेंदूच्या मागच्या भागात झटका आला तर हात-पाय अगदी ठीक असतात आणि फक्त गरगरतं, चालता येत नाही. अशा पेशंटला चक्करची गोळी देऊन घरी पाठवल्याचं मी एकाहून अधिक घरांत ऐकलं आहे. नेहमीची चक्कर आणि ही चक्कर यांतला फरक आपल्याला घरी करता येत नाही. उभं राहता येत नसेल, बोबडी वळत असेल, दोन-दोन दिसत असेल, तर मोठ्या रुग्णालयातच जायचं.

आता खर्ऱ्याबद्दल. नव्याने आलेल्यांना हा शब्द लवकरच कळेल. तंबाखू-सुपारीचा घोटलेला खर्रा गालात धरून बोलणारा माणूस आधीच जड बोलतो. आमच्या लेआउटमधले एक काकाजी संध्याकाळी ओट्यावर बसले होते. पोरगा मला म्हणाला, "बाबा असे काहून बोलून राहिले?" त्याची आई आतूनच म्हणाली, "तोंडात खर्रा असन." मी त्यांना खर्रा थुंकून चूळ भरायला लावलं. चूळ डाव्या बाजूने शर्टावर सांडली. हसायला सांगितलं तर अर्धंच तोंड हसलं. तेव्हा सहा वाजून दहा मिनिटं झाली होती आणि मी ती वेळ तळहातावर पेनने लिहिली.

काकाजींचं पुढे काय झालं, ते खाली येईल.

ऊन की लकवा?

नागपूरच्या उन्हाळ्यात हा घोळ हमखास होतो, त्यामुळे त्यावर थोडं थांबतो. ऊन लागलेल्या माणसाचं सगळं अंग गळून जातं. अंग तापतं, मळमळतं, पायांत गोळे येतात. लकव्यात बिघाड बहुतेकदा एका बाजूचा असतो : एक हात, एक पाय, अर्धं तोंड. तो हळूहळू वाढत येत नाही, एकदम येतो. मघाशी ठीक, आता नाही. उन्हातून आलेल्या माणसाला लकवा येऊच शकत नाही असंही नाही. अंगातलं पाणी कमी झालं की रक्त घट्ट होतं आणि धोका वाढतो.

म्हणून आमच्या घरात आता नियम आहे. उन्हातून आलेलं माणूस गडबडलेलं दिसलं की पन्ह्याचा पेला हातात देण्याआधी हसवायचं, हात वर करायला लावायचं आणि बोलवायचं. यात वीस सेकंद जातात. सगळं ठीक असेल तर खुशाल पन्हं द्या. पण माणूस बरळत असेल, शुद्ध हरपत असेल, अंग भट्टीसारखं तापलं असेल, तर तो उष्माघात. त्यालाही तितक्याच घाईने रुग्णालयात न्यायचं असतं. अंगावर पाणी मारत, वारा घालत न्या.

दुसरी पायरी : वेळ लिहून ठेवा

पेशंट शेवटचा नीट कधी दिसला, ती वेळ डॉक्टरांना हवी असते. तुम्हाला कधी कळलं, ती वेळ वेगळी. या दोन्हींत गल्लत करू नका. आजी सकाळी सहाला उठल्या तेव्हा हात हलत नव्हता, आणि रात्री दहाला त्या ठीक झोपल्या होत्या, तर घड्याळ रात्री दहापासून धरतात. मध्यरात्री दोनला त्या पाणी प्यायला उठल्या आणि सुनेशी नीट बोलल्या, हे कुणाला आठवलं तर तेच घड्याळ दोनवर येतं. या चार तासांवर उपचार ठरू शकतो. म्हणून घरातल्या प्रत्येकाला विचारा. मोबाइलमध्ये पाहा, त्यांनी शेवटचा फोन कुणाला केला होता आणि त्यात नीट बोलले होते का.

गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. मोठ्या नळीतली गुठळी मांडीतून किंवा मनगटातून बारीक नळी घालून ओढून काढतात. ते सहा तासांपर्यंत करतात आणि तपासण्यांत मेंदूचा भाग अजून वाचण्यासारखा दिसला तर निवडक पेशंटमध्ये २४ तासांपर्यंतही. म्हणून "उशीर झाला, आता काय उपयोग" असं म्हणून घरी बसायचं नाही. झोपेत आलेल्या झटक्यातही एमआरआय वगैरे करून कधीकधी उपचार देता येतो. आणि साडेचार तास हाती आहेत म्हणून तीन तास काढायचेही नाहीत. त्याच मुदतीत पहिल्या तासात दिलेलं औषध चौथ्या तासातल्यापेक्षा कितीतरी जास्त उपयोगी पडतं.

तिसरी पायरी : फोन

१०८ लावा. २०१४ पासून ही सेवा राज्यभर आहे, पैसे लागत नाहीत. ती लागली नाही तर ११२. फोनवर "पेशंट सीरियस आहे" एवढंच ओरडू नका. "लकव्याचा झटका आहे, तोंड वाकडं झालंय, सहा दहाला सुरू झालंय, वय बासष्ट, शुद्धीवर आहेत," असं सांगा.

पत्ता सांगणं हे नागपुरात नव्या माणसाला जड जातं. इथे लेआउटांचं जाळं आहे आणि एकाच नावाचे दोन लेआउट दोन टोकांना सापडतात. प्लॉट नंबर, लेआउट, त्याच्या जवळचा चौक आणि एक ठळक खूण सांगा : पाण्याची टाकी, हनुमानाचं देऊळ, शाळा. घरातलं एक माणूस मोबाइलचा टॉर्च लावून चौकात उभं करा. ॲम्ब्युलन्स चौकापर्यंत दहा मिनिटांत येते आणि पुढची आठ मिनिटं गल्ल्यांत फिरते, हे मी पाहिलं आहे.

ॲम्ब्युलन्सला वेळ लागणार असं कळलं तर थांबू नका. शेजाऱ्याची कार काढा, ऑटो बोलवा. फक्त मोटरसायकलवर दोघांच्या मधे बसवून नेऊ नका. एक बाजू गेलेला माणूस स्वतःला धरू शकत नाही आणि वळणावर पडतो. कारमध्ये मागच्या सीटवर कुशीवर झोपवा, सोबत एक माणूस मागेच बसवा.

गाडी येईपर्यंत काय करायचं, काय नाही

कुशीवर निजवा, म्हणजे उलटी झाली तर श्वासनलिकेत जाणार नाही. घट्ट कपडे सैल करा, कवळी असेल तर काढा. मधुमेह असेल आणि घरी यंत्र असेल तर साखर तपासा, कारण साखर फार खाली गेली तरी अगदी लकव्यासारखंच दिसतं. आकडा लिहून घ्या आणि १०८ वाल्यांना सांगा. श्वासच थांबला आणि हाक मारून प्रतिसाद नाही, तर छातीच्या मधोमध जोरजोरात दाबायला लागा आणि मदत येईपर्यंत थांबू नका.

तोंडातून काहीही देऊ नका. पाणी नाही, चहा नाही, गंगाजल नाही, गोळी नाही. गिळण्याचे स्नायूही लुळे पडलेले असतात, घोट फुप्फुसात जातो आणि दोन दिवसांनी न्यूमोनिया होतो. बाबांना तो झाला होता. लकव्याचं अर्धं दुखणं त्यांनी भोगलं आणि अर्धं आमच्या पन्ह्याचं.

ॲस्पिरिनबद्दल वेगळं सांगतो. "अटॅक आला की ॲस्पिरिन चघळायला द्या" हा निरोप मोबाइलवर फिरत असतो. तो हृदयविकारासाठी आहे. काकाजींचा मुलगाही आतून ॲस्पिरिनची गोळी घेऊन धावत आला होता, मी त्याचा हात धरला. तासाभराने सीटी स्कॅन झाला तेव्हा कळलं की काकाजींची नळी बंद झाली नव्हती, फुटली होती. मेंदूत रक्त साचत होतं. रक्त पातळ करणारी ती गोळी पोटात गेली असती तर काय झालं असतं, या विचाराने तो मुलगा आजही गप्प होतो. नळी बंद आहे की फुटली आहे, हे बाहेरून कुणालाच ओळखता येत नाही. मोठ्यातल्या मोठ्या डॉक्टरलाही स्कॅन लागतो.

बीपी मोजलं आणि १८० आलं, तर जिभेखाली गोळी ठेवू नका. गुठळी झालेली असताना मेंदू दाब वाढवून आडवाटेने रक्त ओढत असतो. तो दाब घरी एकदम पाडला तर उरलासुरला पुरवठाही तुटतो. किती आणि कधी कमी करायचा, हे स्कॅन पाहून डॉक्टर ठरवतात.

आणि तेल चोळणं, कांदा हुंगवणं, बोटं टोचणं, कबुतराचं रक्त लावणं, अमुक गावच्या वैद्याचा पाला. मला या माणसांच्या भावनेला दुखवायचं नाही. आपल्या माणसाला काहीतरी करावं म्हणून जीव तुटत असतो, त्यातून हे सगळं येतं. पण कबूतर शोधायला गेलेला माणूस परत येईपर्यंत एक तास जातो. ज्यांना श्रद्धेने काही करायचंच असेल, त्यांनी पेशंट मोठ्या रुग्णालयात पोहोचल्यावर करावं.

चौथी पायरी : कुठे न्यायचं

मला सगळ्यांत जास्त बोलायचं आहे ते इथे. जवळचा दवाखाना हे उत्तर चुकीचं आहे. दिवसरात्र सीटी स्कॅन चालू असलेलं, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देणारं जवळचं रुग्णालय, हे बरोबर उत्तर. पाच मिनिटांवरच्या सलाईनपेक्षा वीस मिनिटांवरचा स्कॅन लवकर पोहोचवतो.

नव्या माणसाने आधी शहराचे शब्द शिकावेत. नागपुरात ऑटोवाल्याला "मेडिकलला चल" म्हटलं तर तो औषधाच्या दुकानात नेत नाही. मेडिकल म्हणजे हनुमाननगरकडचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय, तिथल्या चौकाचंच नाव मेडिकल चौक. मेयो म्हणजे सेंट्रल ॲव्हेन्यूवर, रेल्वे स्टेशनच्या बाजूला असलेलं इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. पाटीवर मेयो शोधत बसू नका. सुपर म्हणजे मेडिकलचंच सुपर स्पेशालिटी रुग्णालय. डागा हे बायकांचं सरकारी रुग्णालय आहे, लकव्याच्या पेशंटला तिकडे नेऊन वेळ घालवू नका. दक्षिणेकडे मिहानमध्ये एम्स आहे, बेसा-बेलतरोडी-खापरीकडच्यांना ते जवळ. खासगी मोठी रुग्णालयं धंतोली, रामदासपेठ आणि वर्धा रोडला दाटीने आहेत. धंतोलीत गाडी लावायला जागा नसते, तेव्हा पेशंटला दारात उतरवा आणि गाडीचं नंतर पाहा.

पण नावावरून समजू नका की तिथे रात्री तीनला सगळं होतंच. यासाठी एक काम आजच, घरात सगळे बरे असताना करा. घराजवळची तीन रुग्णालयं निवडा, त्यातलं एक सरकारी असू द्या, आणि फोन करून किंवा स्वतः जाऊन विचारा. सीटी स्कॅन रात्री आणि रविवारी चालू असतो का? लकव्याचं इंजेक्शन तुम्ही इथेच देता का, की पुढे पाठवता? मेंदूचे डॉक्टर रात्री बोलावल्यावर येतात का? नळी घालून गुठळी काढायची सोय आहे का? मेंदूत रक्तस्राव निघाला तर न्यूरोसर्जन आहे का? महात्मा फुले योजना चालते का? फोनवर उत्तर देणाऱ्याला पहिलाच प्रश्न नीट सांगता आला नाही, तर तेही उत्तरच समजा.

काकाजींना नेताना मुलाने कारमधूनच रुग्णालयाला फोन केला : "लकव्याचा पेशंट घेऊन येतोय, सहा दहाला सुरू झालं, वीस मिनिटांत पोहोचतो." आम्ही पोहोचलो तेव्हा स्ट्रेचर दारात होतं.

काटोल, उमरेड, रामटेक, सावनेरकडून येणाऱ्यांनी हीच चौकशी अधिक काटेकोर करावी, कारण त्यांचा तास रस्त्यातच जातो. वर्ध्याकडच्यांना सेवाग्रामचं रुग्णालय नागपूरपेक्षा लवकर गाठता येतं. वाटेतल्या दवाखान्यात "आधी थोडं दाखवून घेऊ" म्हणून थांबू नका. श्वासाचीच अडचण असेल तर गोष्ट वेगळी.

पाचवी पायरी : कॅज्युअल्टीत पोहोचल्यावर

ओपीडीच्या रांगेत चिठ्ठी काढायला उभे राहू नका, थेट कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या उपचारांच्या विभागात शिरा. पहिलं वाक्य असं बोला : "लकव्याचा झटका आहे, अमुक वाजता सुरू झाला." मग साखर, बीपी आणि लगेच सीटी. हा स्कॅन काही मिनिटांचा असतो.

डॉक्टर विचारतील ते तयार ठेवा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का, असिट्रोम, वॉरफेरिन वगैरे, आणि शेवटची कधी घेतली? अलीकडे ऑपरेशन, डोक्याला मार, पोटात रक्तस्राव? आणि वजन किती? हे शेवटचं कुणालाच सांगता येत नाही. इंजेक्शनचा डोस वजनावर ठरतो, आणि लुळ्या पडलेल्या माणसाला काट्यावर उभं करता येत नाही.

मग सहीची वेळ येते. डॉक्टर सांगतील की इंजेक्शनने मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका आहे. खरं आहे. १९९५ साली ज्या अमेरिकी अभ्यासातून हे औषध पुढे आलं, त्यात शंभरातल्या सुमारे सहा जणांना असा रक्तस्राव झाला. तरीही तीन महिन्यांनी जवळपास पूर्ववत झालेल्यांचं प्रमाण औषध मिळालेल्यांत निदान ३० टक्क्यांनी जास्त होतं. आपल्याकडे या क्षणी चंद्रपूरच्या मोठ्या भावाला, अमरावतीच्या मामांना फोन लागतात आणि "ते येईपर्यंत थांबू" असं ठरतं. मोठ्यांचा मान राखायलाच हवा. पण सही कोण करणार, हे घरात आधीच बोलून ठेवा आणि मोठ्यांनी आधीच मोकळीक द्यावी. डॉक्टरांना हवे तेवढे प्रश्न विचारा, ते तुमचा हक्क आहेत, फक्त तिथे उभे राहून पाच मिनिटांत विचारा.

भरती झाल्यावर, गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय डब्यातली खिचडी भरवू नका. नर्सची नजर चुकवून मायेने दिलेले दोन घासही महागात पडतात.

पैशांचं

पैसे नाहीत म्हणून कुणी घरी थांबू नये. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट सांगितलं की जीव वाचवणं हे सरकारी असो की खासगी, प्रत्येक डॉक्टरचं पहिलं कर्तव्य आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता राज्यातल्या सर्व कुटुंबांसाठी आहे, वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. कोणता उपचार बसतो, कोणते कागद लागतात, ते तो सांगतो. माहितीचा क्रमांक १५५३८८. रेशन कार्ड आणि आधारच्या प्रती एका पिशवीत भरून ठेवा. पण पिशवी सापडत नसेल तर पेशंटला घेऊन निघा, कागद मागून कुणीतरी आणेल.

झटका आला आणि गेला, तर

दहा मिनिटं हात लुळा पडला, जीभ अडखळली आणि मग सगळं ठीक झालं. घरचे देवाचे आभार मानतात आणि विषय संपतो. पण ही गुठळी आपोआप सुटलेली असते आणि दुसरी मोठी येण्याची भीती पुढच्या दोन दिवसांत सगळ्यांत जास्त असते. बरं वाटत असलं तरी त्याच दिवशी रुग्णालयात जा. नशिबाने मिळालेली ही एकच संधी असते, ज्यात पेशंट स्वतःच्या पायाने चालत जाऊ शकतो.

विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बऱ्याच घरांत आहे, म्हणून एक गोष्ट आवर्जून. सिकलसेलच्या मुलांनाही लकवा येतो. "लहान पोराला कुठे लकवा होते का?" असं म्हणून त्याला घरी ठेवू नका. अचानक एक हात चालेनासा झाला तर वरचं सगळं त्यालाही लागू, आणि सिकलसेल असल्याचं डॉक्टरांना पहिल्यांदा सांगा.

बीपीची गोळी "आता बरं आहे" म्हणून मनाने बंद करू नका. बाबांनी त्या एप्रिलमध्ये केली होती.

दाराच्या मागचा कागद

आमच्या घरी मुख्य दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलेला आहे. वर १०८. त्याखाली तीन रुग्णालयं आणि त्यांचे कॅज्युअल्टीचे नंबर, दर वर्षी लावून खात्री केलेले. कार असलेल्या दोन शेजाऱ्यांची नावं. आमचा पत्ता शब्दन् शब्द, लेआउट आणि पाण्याच्या टाकीसकट, कारण घाबरलेल्या माणसाला स्वतःचा पत्ता आठवत नाही. सही कोण करणार, त्याचं नाव. घरातल्या प्रत्येकाच्या गोळ्या. बाबांचा उजवा हात अजून जड आहे, पण हा कागद त्यांनी डाव्या हाताने लिहिला आहे, अक्षर मोठं आणि वाकडं, चष्म्याविना वाचता येईल असं. सगळ्यांत खाली प्रत्येकाचं वजन. त्यांचं सध्या ६४ किलो आहे, दर दिवाळीला खोडून नवं लिहितात.